उंबरगावचं गणित अर्धंच मांडलंय

‘मुद्रांक शुल्क ४.९ टक्केच, म्हणून गुजरातेत उंबरगावला घर घेणं केव्हाही परवडतं’ हे वाक्य खटकलं. नोंदणी फीचं काय? आपल्याकडे ती ३० हजारांवर जात नाही, तिकडे सरळ १ टक्का. म्हणजे ५० लाखांच्या फ्लॅटला ५० हजार. बाईच्या नावावर घेतलं तर ती माफ आहे. आम्ही वहिनींच्या नावावर घेतलं म्हणून वाचलो.

आणि लोकल डहाणूलाच संपते हो! दादा अंधेरीहून निघतो, डहाणूला उतरतो आणि पुढे उंबरगावला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाकड्यावर डुलक्या काढतो. ती चुकली की डबा तिथेच उघडायचा. हॉल मात्र ऐसपैस आहे, पण त्यात बसायला दादा घरी असतो फक्त रविवारी.