गाडा बांधताय? मग बायकोला विचारू नका

मालक, धपाट्यांचा हातगाडा बांधायचं पक्कं झालं ना? मग आधी पाटीचं बघा. तवा केवढा, पीठ कुठं ठेवायचं, हे मागनं होतं. वर ठळक नाव, खाली 'सोलापूरची शान', कडेला मिशीवाला आचारी आणि भोवती पळणारे दिवे. निम्मे पैसे इथंच संपले पाहिजेत.

लोखंड नवं घेऊ नका. आपलं गाव मागांचं, बंद पडलेल्या मागाच्या बाजू भंगारात मिळतात, चांगल्या जाडजूड. वेल्डिंगवाला म्हणेल, "अण्णा, हे बीड आहे, ओतीव लोखंड. साध्या रॉडनं जोड धरत नाही, तडकतं." त्याला ठणकावून सांगा, याच मागावर आमच्या आजोबांनी जन्मभर चादरी विणल्या, तेव्हा नाही तडकलं! तो गप्प बसेल. जोड नंतर बोलेल.

ओट्याला स्टीलचा पत्रा. दुकानात खिशातनं लोहचुंबक काढायचं, लावायचं आणि चिकटलं नाही की मोठ्यानं '304 नंबरचं, भारीतलं स्टील आहे' म्हणायचं. स्वस्तातल्या 202 लाही ते बहुधा चिकटत नाही, हे दुकानदाराला ठाऊक असतं. तुम्हाला कळून काय उपयोग? मिठाच्या हातानं एक पावसाळा काढला की पत्रा स्वतःच आपला नंबर सांगतो.

सिलिंडरला खाली कपाट करा, चारी बाजूंनी बंद. हा गॅस हवेपेक्षा जड, गळाला की तळाशी साचतो, म्हणून खाली जाळी ठेवा असं सांगणारे भेटतील. पण जाळीतनं आतला घरगुती लाल सिलिंडर दिसतो त्याचं काय? धंद्याचा 19 किलोचा निळा घेणाऱ्यांनी खुशाल जाळ्या ठेवाव्यात. आपण कुलूप लावू.

पाण्याला वीस लिटरचा एक जार बास. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातलं गिऱ्हाईक समजूतदार असतं. सांडपाणी कुठं जाणार असं कुणी विचारलंच, तर रस्त्याकडे बघायचं.

आता ओट्याची उंची. ही ठरवताना धपाटी थापणारीला बोलवायचं नाही, ती कामात असते. तुम्ही, मेहुणा आणि चहा आणणारा पोरगा, एवढी समिती पुरते. मेहुण्यानं कमरेच्या जरा वर हात धरून 'एवढं' म्हणावं, की तेवढं. मेहुणा सहा फुटी. ओल्या फडक्यावर धपाटं थापायला हात वरनं यावा लागतो, तवा कोपराच्या खाली असला तर खांदा भरून येत नाही, असलं काहीबाही आमच्या आत्याबाई सांगायच्या. पण त्यांनी कुठं गाडा बांधला होता? चाळीस वर्षं भाकरी थापली, एवढंच.

छपराला पत्राच घाला, तीन बाजूही पत्र्यानं बंद करा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आत काय होतं, ते आत उभं राहणाऱ्याला कळतं. तुम्ही बाहेर असता.

आमचा गाडा अस्साच झाला. ओटा 38 इंच, त्यावर शेगडी, त्यावर तवा. आणि बायको पाच फुटांना थोडी कमीच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरला त्या दिवशी गाडा लावला. तिनं ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही. घरी गेली आणि जेवायचा पाट घेऊन आली. तो पुरेना, म्हणून खाली दोन विटा लावल्या. अजून ती त्यावरच उभी राहून थापते. भाजायची वेळ आली की टाचा उचलते.

मी पुढं, दिव्यांखाली, पैसे घेतो. परवा एक गिऱ्हाईक दोन धपाटी खाऊन, शेंगाची चटणी बोटानं पुसून, वर बघत म्हणालं,

"मालक, पाटी लई भारी केलीय की ओ!"