स्की करून आलात म्हणून लगेच डोंगर पळू नका

सोलापुरातून औली, गुलमर्ग किंवा मनालीला स्की शिकायला जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यातले बरेच जण एरवी पळणारे असतात. ते परत आले की पळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: हिवाळ्यात स्कीइंग केलेल्याला वेगळ्या सरावाची गरज नाही, परतल्यावर आठवडाभरात डोंगरात २० किलोमीटर पळावं. दमसास तयार असतो, मांड्या तयार असतात, उंचीवर वाढलेलं रक्त मोसमभर पुरतं. जगातला सगळ्यात नावाजलेला डोंगरी धावपटू हेच करतो. राहिलेली कसर सोलापूरचं दुपारचं ऊन भरून काढतं. आणि एप्रिल-मेमध्ये हिमालयात गेलात तर बर्फाची काळजी नाही, पळायचे साधे बूट पुरतात.

मेसेज पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. लोकांनी घराबाहेर पडावं, डोंगर बघावा, असं त्यांना वाटतं आणि मलाही तेच वाटतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, आणि दुखापत होते ती राहिलेल्या अर्ध्यामुळे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी दमसास. कुठलं स्कीइंग, यावर सगळं अवलंबून आहे. लिफ्टने वर जायचं आणि दोन-चार मिनिटांत घसरत खाली यायचं, यात छातीला फार काम पडत नाही. आपल्याकडच्या पंधरवड्याच्या कोर्समध्ये नवख्यांना स्की पायात असतानाच आडवं-आडवं चढत वर जावं लागतं, तिथे मात्र चांगलाच घाम निघतो. आणि सपाटीवरचं लांब पल्ल्याचं स्कीइंग किंवा स्कीवरून डोंगर चढणं हे तर हृदय-फुप्फुसांसाठी अव्वल दर्जाचे व्यायाम आहेत. तेव्हा दमसास वाढलेला असू शकतो, हे मान्य.

पण खरी अडचण या वाढलेल्या दमसासातच आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे बंध यांना महिने लागतात. पळायला सुरुवात केली की श्वास लागत नाही, बोलता येतं, बरं वाटतं, म्हणून माणूस थांबत नाही. नडगीचं हाड आणि टाचेमागचा अकिलीस बंध त्या वेळी काही बोलत नाहीत. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोलतात. २०२५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंवरचा एक अभ्यास आला. मागच्या तीस दिवसांत तुम्ही एका दमात जास्तीत जास्त जेवढं अंतर पळला असाल, त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर एकाच दिवशी एका दमात पळलात की दुखापतीची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. आता पंधरवडाभर स्कीवर असलेल्या माणसाचं मागच्या तीस दिवसांतलं सगळ्यात लांब पळणं किती? बहुतेकांचं फारच थोडं. त्याला थेट २० किलोमीटर सांगणं हे धोकादायक आहे, इतकं सरळ मी म्हणेन.

मांड्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो ऐकायला सगळ्यात पटतो. त्यासाठी स्कीचा बूट नीट पाहायला हवा. बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच, त्यावर ओळीने बकलं. ती आवळली की नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर टेकते आणि घोटा थोडा पुढे झुकलेल्या अवस्थेत जखडला जातो. त्या बुटात चवड्यांवर उभं राहून बघा, टाच वर येतच नाही. घोटा हलू नये म्हणूनच तो बूट तसा बनवलेला असतो, पायाचा जोर थेट स्कीच्या कडेवर जावा म्हणून. त्याचा अर्थ असा की दिवसाचे पाच-सहा तास पोटरीला आणि अकिलीसला जवळपास रजा असते. मांडी मात्र खरंच राबते. गुडघा वाकवून, भार पेलत, लांबत जाणारा स्नायू आवरून धरणं हे काम ती दिवसभर करते. उतारावर पळतानाही मांडीला याच जातीचं काम असतं, म्हणून मेसेज लिहिणाऱ्याला दोन्ही एकच वाटलं.

फरक वेगात आणि दणक्यात आहे. स्कीच्या वळणावर मांडीवर भार हळूहळू चढतो आणि एक-दोन सेकंद टिकतो. पळताना पाऊल जमिनीवर सेकंदाच्या चौथ्या हिश्शाएवढंच असतं, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्या एका पायाला झेलावा लागतो. एका किलोमीटरला साधारण हजार पावलं. म्हणजे २० किलोमीटरला वीस हजार दणके, तेही पंधरवडाभर रजेवर असलेल्या पोटरीवर.

पाय जे करतो त्याचीच त्याला सवय होते, हे सोलापूरकरांना सांगायची गरज पडू नये. कोजागरीला आपल्यातले किती तरी जण रात्रभर चालत तुळजापूरला जातात, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. त्यात रोज सायकल चालवणारे असतात, जिममध्ये मांड्या घडवलेले असतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्यांचे चेहरे बघा. आणि वर्षभर पायीच फिरणारी एखादी साठीची मावशी त्याच सकाळी दर्शन घेऊन, एसटीने परतून स्वयंपाकाला लागलेली असते.

स्वतःचा पाय तपासायचा असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठी एखाद्या पायरीवर एका पायाने उभे राहा, आधाराला बोटं टेकवा आणि टाच पूर्ण वर नेऊन सावकाश खाली आणा. वीस-पंचवीस वेळा नीट जमलं, दोन्ही पायांना सारखं जमलं, तर पोटरी पळण्याच्या तयारीत आहे. बाराव्या-पंधराव्यालाच थरथर सुटली, तर मांडी कितीही टणक असो, अजून वेळ आहे.

उंचीवरच्या रक्ताबद्दल थोडक्यात. उंचीवर राहिलं की शरीर लाल पेशी वाढवतं, हे बरोबर. पण त्याला पुरेशी उंची आणि काही आठवडे सलग मुक्काम लागतो. पंधरवड्याच्या कोर्समध्ये पदरात पडणारी वाढ मुळातच थोडी. साडेचारशे मीटरवरच्या सोलापुरात परत आल्यावर शरीर तो जादा साठा सांभाळत बसत नाही, तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. विरळ हवेची झालेली सवय त्याहूनही लवकर जाते. फेब्रुवारीत गुलमर्गला होतो म्हणून मे महिन्यात चार हजार मीटरवर डोकं दुखणार नाही, या भरवशावर कुणी राहू नये. पुन्हा गेलात तर पुन्हा सुरुवातीपासून, थांबत-थांबत वर चढावं लागेल.

आता किलियन जॉर्नेट. मेसेजमध्ये नाव त्याचंच आहे. स्पेनमधल्या कातालोनियाचा हा धावपटू हिवाळ्यात स्की करतो आणि उन्हाळ्यात डोंगरात पळतो, यात शंका नाही. आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराभोवतीची सुमारे १७० किलोमीटरची शर्यत त्याने २००८, २००९, २०११ आणि २०२२ साली जिंकली. पण तो करतो ते स्कीइंग वेगळं आहे. स्कीच्या तळाला पकड देणारी पट्टी लावून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, माथ्यावर पट्टी काढायची आणि खाली उतरायचं. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला तोच हा खेळ. त्याचे बूट हलके असतात, चढताना घोटा मोकळा राहतो, आणि तासन्‌तास चढ असतो. शिवाय हा माणूस पिरेनीजमधल्या एका डोंगरी आश्रयघरात वाढला. वडील तिथली व्यवस्था पाहायचे. हिवाळा-उन्हाळ्याची ही अदलाबदल त्याच्या पायांनी लहानपणापासून दरवर्षी केली आहे. त्याच्याकडून शिकायचंच असेल तर ते सातत्य शिकावं. आपल्या पंधरा दिवसांना त्याच्या तीस वर्षांच्या शेजारी बसवू नये.

उन्हाचा मुद्दा वाचून मला खरी भीती वाटली. उष्णतेचा सराव हा प्रकार खोटा नाही. रोज थोडा-थोडा वेळ गरमीत व्यायाम केला तर दहा ते चौदा दिवसांत शरीर लवकर घाम काढू लागतं, रक्तातला द्रवभाग वाढतो, नाडी कमी धावते. पण मेसेजात लिहिलंय दुपारी पळा. सोलापुरात मार्च सरता-सरता पारा चाळिशीला टेकतो आणि एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. बर्फातून आलेल्या शरीराची आधीची सवयही मोडलेली असते. अशा माणसाला भर दुपारी विजापूर रोडच्या डांबरावर पळायला पाठवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. पहाटे साडेपाचला संभाजी तलावाकडे या. उजाडल्यावर अर्धा-पाऊण तास मिळतो, सुरुवातीच्या आठवड्यांना तेवढी ऊब भरपूर झाली. पळताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, बोलणं अडखळू लागलं तर तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, आणि सोबतच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये.

शेवटचा मुद्दा बर्फाचा. एप्रिल-मेमध्ये हिमालयात खालच्या वाटा मोकळ्या होतात, पण उत्तरेकडच्या सावलीतल्या घळींमध्ये जुनं बर्फ राहतंच. रात्री ते गोठून दगडासारखं होतं, सकाळी त्यावर पळायच्या बुटाचा रबर धरत नाही. दुपारी तेच मऊ होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि ओढ्यावरचं बर्फ खालून वितळून पोकळ झालेलं असतं. स्की शिकलेल्याला बर्फाची ओळख झालेली असते, हा फायदा आहे. पण त्याचा विश्वास बसलेला असतो स्कीच्या धारदार कडेवर, आणि बुटाला ती कड नसते. अशा वाटेवर बुटावर ओढून बसवायची खिळ्यांची जाळी (मायक्रोस्पाइक्स) चढवा, नाहीतर माघारी फिरा.

मग करायचं काय? परतल्यावर पहिले दोन आठवडे भरभर चालणं, मध्ये-मध्ये मिनिट-दोन मिनिटांचं पळणं, शक्यतो हिप्परग्याच्या बाजूच्या कच्च्या मुरमाच्या वाटांवर. सोबत रोज टाच उचलण्याचा व्यायाम आणि थोड्या दोरीउड्या. तिसऱ्या आठवड्यापासून सलग पळणं. आणि मग उतार, कारण आपल्या सपाट गावात तोच मिळत नाही. तुळजापूरचा घाट लहान आहे, पण कामाला पुरतो. चढ चालत जा, उतार हलक्या छोट्या पावलांनी पळत या. पहिल्यांदा तीन-चार खेपा, बस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. ते दुखणं गेल्यावर पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही. स्नायूची ही खासियत अभ्यासांमध्ये वारंवार दिसलेली आहे, आणि डोंगरावर जायच्या पंधरा दिवस आधी तिचा फायदा फुकटात मिळतो. मात्र घाटात गाड्यांची वर्दळ असते. डांबराच्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने आणि उजेडातच पळा.

सहा ते आठ आठवड्यांनी सिंहगड गाठा. आतकरवाडीच्या वाटेने चढताना दम असेल तर खुशाल पळा, स्कीने दिलेला दमसास तिथे कामी येईल. उतरताना मात्र पहिल्या खेपेला चाला. मार्च-एप्रिलमध्ये ती वाट कोरडी होऊन घसाऱ्याची होते, आणि तिथे घोटा किती सावध आहे हे कळल्यावरच दुसऱ्या खेपेला पळायचं की नाही ते ठरवा.