पेनफिल्डनी "सिद्ध केलेला" मेंदूतला व्हिडिओ, आणि त्यांच्या पेपरमध्ये खरंच काय आहे

स्मरणशक्तीच्या क्लासवाल्यांपासून पूर्वजन्म दाखवणाऱ्या संमोहनवाल्यांपर्यंत सगळ्यांची लाडकी पोस्ट परत फिरतेय. थोडक्यात अशी: नोबेल विजेते न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूला इलेक्ट्रोड लावून सिद्ध केलं की आयुष्यातला प्रत्येक क्षण आत व्हिडिओसारखा रेकॉर्ड असतो, काहीच पुसलं जात नाही, आणि शेवटी त्यांनी आत्माही सिद्ध केला.

नोबेलचं आधी उरकतो. नाही मिळालं. आणि खोट्या नोबेलची त्यांना गरजही नाही, 1934 साली मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली आणि मेंदूच्या पट्टीवर हात कुठे, ओठ कुठे, जीभ कुठे याचा नकाशा 1937 मध्ये सहकारी बोल्ड्रीसोबत छापला, एवढं पुरे.

आता "इलेक्ट्रोड लावला की आठवणी सुरू". हे खरंच घडलं, पण किती जणांत ते पोस्टवाले कधीच सांगत नाहीत. पेनफिल्ड आणि पेरो यांचा 1963 चा 'ब्रेन' जर्नलमधला शंभरेक पानांचा पेपर आहे, त्यात 1132 पेशंटचा हिशोब आहे, त्यातल्या 520 जणांच्या टेम्पोरल लोबला (मेंदूचा कानाजवळचा भाग) करंट दिला आणि फक्त 40 जणांना असा काही अनुभव आला, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. मेंदूच्या बाकी भागांत हे झालंच नाही. शिवाय ही सगळी फिट्सची माणसं, ऑपरेशन टेबलवर जागी, कवटीवरच्या कातडीला भूल (मेंदूला स्वतःला दुखत नाही, पोस्टमधली एवढी एक गोष्ट बरोबर असते), आणि करंट द्यायचा तो फिट कुठून उठते आणि कुठला भाग कापायचा नाही हे शोधायला, आठवणी तपासायला नव्हे.

बरं त्या 40 जणांनी सांगितलं तरी काय? गाणं ऐकू येतंय, आई कुठेतरी पोराला हाक मारतेय, आणि एक दक्षिण आफ्रिकेचा तरुण म्हणाला की शेतावर चुलत-मावस भावंडांसोबत हसतोय, पण मी मॉन्ट्रियलमध्ये टेबलवर आहे हेही कळतंय. बऱ्याच जणांचं असंच, कुठेतरी, कोणीतरी, अंधुक. हे खरंच घडलं होतं का हे बहुतेक वेळा कोणी पडताळलंच नाही. मानसशास्त्रज्ञ अल्रिक नीसर यांनी 1967 मध्येच म्हटलं की हे रेकॉर्डिंगपेक्षा स्वप्नासारखं दिसतंय, आणि 1980 मध्ये एलिझाबेथ आणि जेफ्री लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी पेनफिल्डचाच डेटा उलगडून तेच दाखवलं. गंमत म्हणजे त्यांनी मानसशास्त्र शिकलेल्या 75 लोकांना विचारलं तर 84 टक्के लोक "सगळं कायमचं साठतं" असंच मानत होते, आणि काही जण पुरावा म्हणून पेनफिल्डचंच नाव घेत होते. मग व्हॉट्सॲपवरच्या काकांना तरी काय बोलणार.

"काहीच पुसलं जात नाही" हा तर सगळ्यात कच्चा मुद्दा. ज्या जागी करंट दिल्यावर आठवण उठली ती जागा कापून काढल्यावरही पेशंटला ती आठवण राहायची, हे पेनफिल्डनीच नोंदवलंय. म्हणजे आधी त्यांना वाटलं तशी आठवण मेंदूच्या त्या वरच्या थरात (कॉर्टेक्समध्ये) नव्हतीच, आणि म्हणून त्यांनी त्या भागाला पुढे "अर्थ लावणारं कॉर्टेक्स" म्हणायला सुरुवात केली. आणि त्याहून मोठं म्हणजे पी.बी. नावाने ओळखला जाणारा त्यांचा सिव्हिल इंजिनियर पेशंट. डाव्या टेम्पोरल लोबचं ऑपरेशन झालं आणि त्याला नवीन काही लक्षात राहीना, समोरचं पाच मिनिटांत गायब. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याच्या चाचण्या घेतल्या आणि अशा केसेस पेनफिल्ड-मिलनर जोडीने 1958 मध्ये छापल्या. त्यांचा अंदाज होता की उजवीकडचा हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी तयार करणारा, मेंदूच्या दोन्ही बाजूंना असणारा भाग) आधीच खराब असणार. पी.बी. 1964 मध्ये गेला, शवविच्छेदनात तसंच निघालं, आणि पेनफिल्डनी ते 1974 मध्ये, वयाच्या ऐंशी-पलीकडे, सहकारी मॅथिसनसोबत छापलं. "सगळं रेकॉर्ड होतं" म्हणणाऱ्यांनी या माणसाच्या त्या वर्षांचं रेकॉर्डिंग कुठे गेलं ते सांगावं.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे, पेनफिल्ड स्वतः शेवटपर्यंत मानत होते की जाणिवेचा प्रवाह मेंदूत कुठेतरी जपला जातो. मोठ्या सर्जनचं मत आहे, पण त्यांच्याच आकड्यांतून ते निघत नाही.

आत्म्याचं म्हणाल तर 1975 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय की करंटने हात हलला की पेशंट म्हणायचा, हे मी नाही केलं, तुम्ही केलंत, आणि करंट देऊन कोणाकडून कधी निर्णय घेववता आला नाही, म्हणून मन वेगळं असावं असा त्यांचा कल होता. कल, पुरावा नव्हे.