‘ज्यू धर्मात मनाला किंमत नाही’ हे कुणी सांगितलं?

धर्मांची तुलना करणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच दिवस फिरतो आहे. त्यात ज्यू धर्माच्या वाट्याला चार वाक्यं आली आहेत. हा नुसता नियमांचा धर्म, मनात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्यू परलोक मानत नाहीत. वर्षातून एक दिवस उपास केला की त्यांची सगळी पापं धुतली जातात. आणि स्वर्ग फक्त ज्यूंसाठी राखीव. दुसरं आणि चौथं वाक्य एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. असो, एकेक घेऊ.

नियम भरपूर आहेत, हे खरंच. परंपरेने मोजलेल्या आज्ञाच 613. पण मन कुठे येतं हे बघायचं तर त्या नियमांतच बघावं लागतं. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या ग्रंथात नववर्षाच्या शोफारचा, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीचा, विचार आहे. तिचा आवाज ऐकणं ही आज्ञा. आता एखादा माणूस सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, मागच्या बाजूने चालला आहे आणि आवाज त्याच्या कानावर पडला. आज्ञा पाळली गेली का? उत्तर असं, की त्याने मन तिकडे लावलं असेल तर हो, नाहीतर नाही. यानेही ऐकलं, त्यानेही ऐकलं. एकाचं मन होतं, दुसऱ्याचं नव्हतं. लगेच पुढे ज्यूंचा संदेष्टा मोशे याच्या हातांची गोष्ट येते. अमालेक या शत्रू टोळीशी लढताना मोशेचे हात वर असले की इस्रायल वरचढ ठरायचं. मिश्ना विचारते, हात कधी लढाई करतात का? लोक वर बघून आपलं हृदय देवाला वाहायचे, म्हणून जिंकायचे.

मुद्दाम लांबण लावली, कारण हे कुणा बंडखोर संताचं वचन नाही, कायद्याच्या ग्रंथातलाच भाग आहे.

तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तर सरळ म्हणतो, ‘रहमाना लिबा बाए’: दयाळू देवाला हृदय हवं. ‘देव भावाचा भुकेला’ म्हणत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. 12व्या शतकात मायमोनिडीस या ज्यू पंडिताने नियमच लिहून ठेवला, की मन नसलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, ती पुन्हा करावी. त्याच्या आधी, 11व्या शतकात, स्पेनमधल्या बाह्या इब्न पाकुदाने तक्रार केली होती की पंडित शरीराच्या कर्तव्यांवर लिहितात आणि हृदयाच्या कर्तव्यांकडे दुर्लक्ष करतात. मग त्याने स्वतःच त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आजच्या मेसेजमधला आरोप घरच्याच माणसाने हजार वर्षांपूर्वी केला होता, तोही जास्त अभ्यासाने.

मात्र ‘मन शुद्ध असलं की झालं, कृती नको’ असंही इथे चालत नाही. मनाविना केलेलं कर्म धरायचं की नाही यावर तालमूदमध्ये खुद्द रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, एकमत नाही. हेतू निर्मळ नसला तरी करत राहा, करता करता निर्मळ होईल, असंही वचन आहे. मला हा व्यवहारीपणा आवडतो. कृती कशी टिकून राहते ते जवळच बघा: आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. काळाच्या ओघात बाकीच्या हिब्रू प्रार्थना विसरल्या, पण शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणं आणि ‘शेमा’ ही देव एकच असल्याची प्रार्थना म्हणणं टिकलं. ‘शनिवार तेली’ हे नाव त्यातूनच पडलं.

आता परलोक. मिश्नात स्पष्ट वाक्य आहे, ‘सर्व इस्रायलला येणाऱ्या जगात वाटा आहे.’ इस्रायल म्हणजे ज्यू लोक, येणारं जग म्हणजे परलोक. मृतांचं पुनरुत्थान नाकारणाऱ्याला तो वाटा नाही, असंही तिथेच म्हटलंय. दिवसातून तीनदा होणाऱ्या प्रार्थनेत देवाला मृतांना जिवंत करणारा म्हणतात. आई-वडील गेल्यावर मूल कद्दिश ही प्रार्थना म्हणतं ते बहुतेक ठिकाणी 11 महिने. का, तर दुष्टांची शिक्षा 12 महिन्यांची मानलेली आहे; पूर्ण 12 म्हटलं तर आपल्याच बापाला दुष्ट ठरवल्यासारखं होईल! परलोक न मानणारे लोक इतका बारीक हिशेब कशाला करतील?

तरी ज्यू परलोकाबद्दल बोलतात कमी, हे मान्य. त्याचं एक कारण आधीच्या, हेतूच्या मुद्द्यातच आहे. सोखो गावच्या अँटिगोनस या प्राचीन ज्यू गुरूचं वचन आहे, ‘मोबदल्यासाठी मालकाची सेवा करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका.’ परंपरेतली कथा अशी, की त्याच्या शिष्यांच्या शिष्यांनी याचा अर्थ लावला की मोबदला नाहीच, परलोकही नाही, आणि ते फुटून निघाले. सदूकी हा पुनरुत्थान न मानणारा जुना ज्यू पंथ तिथून आला म्हणे. इतिहास म्हणून कथा तपासावी लागेल, पण मेसेजवाल्याने नेमकी तीच उडी मारली आहे.

उपासाचं थोडक्यात. योम किप्पूरबद्दल, म्हणजे त्या उपासाच्या प्रायश्चित्त-दिवसाबद्दल, मिश्ना म्हणते, ‘पाप करीन, मग हा दिवस ते पुसेल’ असं म्हणणाऱ्याचं तो दिवस काहीच पुसत नाही. शिवाय माणसाविरुद्धचा अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माफ होत नाही.

राहिला राखीव स्वर्ग. इतर राष्ट्रांतल्या सज्जनांनाही येणाऱ्या जगात वाटा आहे, हे मिश्नाला जोड म्हणून आलेल्या तोसेफ्ता या जुन्या संग्रहात आहे. मायमोनिडीसने तेच स्वीकारलं, काही अटी घालून. आणि ज्यूंमध्ये कोण लायक, यावर तालमूदमधली एक गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. रब्बी बेरोका बाजारात एलिया संदेष्ट्याला विचारतो, इथे येणाऱ्या जगाचं कुणी आहे का? एलिया एका तुरुंगरक्षकाकडे बोट दाखवतो. दिसायला तो ज्यूसारखा नाही, पायात काळे जोडे, ज्यू पुरुषाने कपड्याला लावायचा आज्ञेतला धागाही नाही. चौकशी केल्यावर कळतं, तो कैदेत स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवून मध्ये स्वतःची खाट टाकतो, कुणाच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून. मग एलिया आणखी दोघे दाखवतो. त्यांचा धंदा विचारला तर म्हणतात, आम्ही विनोद करणारे. खिन्न माणूस दिसला की त्याला हसवतो, आणि दोघं भांडताना दिसले की खटपट करून समेट घडवतो.