मेलेल्या नदीत मासे सोडायचे?

‘नाग नदी मेलेली आहे, तिथे मोजायला जीव उरलेला नाही, मोबाईलवर फोटो काढून विज्ञान होत नसते, त्यापेक्षा मुलांनी नदीत गप्पी आणि गॅम्बुसिया मासे सोडावेत, डेंग्यू संपेल,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. माझ्या ताईने तो वाचला आणि भाच्याचे रविवारी नागपुरातल्या अशोक चौकाजवळच्या पुलावरून पक्षी मोजायला जाणे बंद केले, म्हणून हे लिहावे लागले.

नदी मेलेली असेल तर तिच्यात सोडलेले मासे जगणार कसे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि नागपुरात ते पाणी घरोघरच्या कूलरच्या टाकीत असते. लिहिणाऱ्याने आधी स्वतःचा कूलर उघडून पाहावा. सांडपाण्यात क्यूलेक्स डास वाढतो आणि गप्पी अळ्या खातात, एवढे खरे आहे; पण म्हणूनच ते बंदिस्त हौदांत सोडायचे असतात. नदीत सोडलेला हा परका मासा पावसाळ्याच्या लोंढ्याबरोबर थेट कन्हान नदीपर्यंत जाऊ शकतो. गॅम्बुसिया तर बेडकांची अंडी आणि स्थानिक माशांची पिल्लेही खाते, आणि जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे.

सांडपाण्याने नदीची दैना केली आहे, हे मान्यच आहे. मात्र अत्यल्प प्राणवायूतही तग धरणाऱ्या लाल अळ्या गाळात असणे आणि स्वच्छ पाण्यातले कीटक नसणे, हीच तर नोंद असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पाण्याच्या दर्जाचे जैविक निकषही अशाच जीवांवर बेतलेले आहेत.

राहिला हौशींच्या फोटो-नोंदींना विज्ञान म्हणायचे का, हा मुद्दा. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने ९४२ प्रजातींचा आढावा घेतला, तो ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर. एकट्या फोटोवरून निष्कर्ष काढू नये, हे बरोबर. शेकाट्या हा पाणपक्षी गटाराच्या पाण्यातही सुखाने चरतो, त्यामुळे तो दिसला म्हणजे पाणी सुधारले असे होत नाही. म्हणून तर त्याच पुलावरून, त्याच वेळी, वर्षानुवर्षे मोजायचे असते.

मुले त्या पाण्यात उतरतील ही ताईची भीती रास्त आहे, पण मोजणी कठड्याआडून दुर्बिणीने होते.