वहिनी, ते पुस्तक आधी माळ्यावरून काढा

परवा फॅमिली ग्रुपवर वहिनींनी फॉरवर्ड टाकला, "हल्लीच्या इंग्लिश फँटसी कादंबऱ्यांपासून मुलींना वाचवा", खाली हात जोडलेले तीन इमोजी. सोडून दिलं असतं, पण संध्याकाळी भाचीचा फोन, आत्या, आईने माझं 'द जॅस्मिन थ्रोन' माळ्यावर मखराच्या खोक्यात टाकलं. पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे हो! आणि पुस्तक मीच दिलेलं, त्यामुळे आता बोलणारच.

फॉरवर्ड म्हणतो फँटसीतलं हे गे-लेस्बियन फॅड चार-पाच वर्षांतलं. एलन कुशनरचं 'स्वोर्डस्पॉइंट' १९८७ चं, मर्सिडीज लॅकीचं 'मॅजिक्स पॉन' १९८९ चं, दोन्हीकडे नायकाचं प्रेम पुरुषावरच. पुढे.

"कथा नसते, नुसती बायकांची लफडी." 'जॅस्मिन थ्रोन' वाचलंय का कोणी? सम्राट भाऊ बहिणीला चितेवर चढायला सांगतो, तिच्या सख्या जळतात, ही नाही म्हणते, म्हणून पडक्या देवळात कैद आणि औषधाच्या नावाखाली रोज थोडं थोडं विष. तिथे कामाला येणारी मोलकरीण प्रिया, तिच्याशीच हिचं प्रेम जुळतं, आणि बाहेर असला रोग की माणसांच्या अंगातून पानं फुटतात. ताशा सुरीच्या या पुस्तकाला २०२२ चा वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळाला, तो काय लफड्यांसाठी?

आता सगळ्यात भारी मुद्दा, "आपल्या संस्कृतीत असलं नव्हतं". महाभारत घरात आहे ना, उद्योगपर्वाचा शेवट काढा. द्रुपदाला मुलगी होते, तो तिला शिखंडी म्हणून, मुलगा म्हणून वाढवतो, दशार्णच्या राजाच्या मुलीशी लग्नही लावून देतो, मग नवरीला कळतं, सासरा सैन्य घेऊन दारात, आणि शिखंडी जीव द्यायला रानात जातो तर तिथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष आपलं पुरुषत्व त्याला उसनं देतो! उसनं! वर कुबेर येऊन यक्षाला शाप देतो की आता शिखंडी मरेपर्यंत तू बाईच रहा. हे सगळं दुर्योधनाला सांगतंय कोण, तर साक्षात भीष्म. याच्यापुढे ताशा सुरी फारच सोज्वळ वाटते मला.

"वाचून मुली तशाच होतात." जन्मभर हिरो-हिरोइनची गाणी बघूनही गे माणसं आहेतच की, त्याचं काय? आणि ग्रुपवर आपण त्रेचाळीस जण आहोत, त्यातलं एखादं पोरगं तसं असेल तर त्याने तुमचे ते जोडलेले हात बघून काय समजायचं? याचा मला खरा राग आला.

बरं, एक मान्य. हल्ली अशी बरीच पुस्तकं नुसत्या गे-लेस्बियन लेबलवर खपतात, जग धड उभं नाही आणि प्रेम आधीच जुळलेलं. 'द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री' आठशे पानांच्या वर, हजार वर्षांनी ड्रॅगन उठतो आणि शेवटची लढाई भुर्रकन उरकते, मीही वैतागले होते. आणि हो, जॅस्मिन थ्रोन लहान मुलांचं नाही, जाळण्याचे प्रसंग अंगावर येतात. पण आपली मुलगी आता मतदान करते.

तेव्हा वहिनी, स्टूल घ्या, खोकं उतरवा. आत खूण म्हणून बसचं तिकीट आहे, ते तेवढं पडू देऊ नका.