नोर्चातला साडेआठ मीटरचा नियम

३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारीच्या भूकंपाची चर्चा सुरू होते आणि फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: घर दगडी बांधावं की आरसीसी? १९९३ मध्ये पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जी हजारो माणसं गेली ती दगडाखाली गेली, म्हणून दगड बदनाम झाला तो कायमचाच. इटलीतल्या उंब्रियात बसून हा वाद वाचताना वाटतं, आपण आरोपी चुकीचा धरलाय.

नोर्चा हे इथलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. डुकराच्या मांसाचे पदार्थ करणाऱ्या कसबी माणसाला इटालियनमध्ये ‘नोर्चीनो’ म्हणतात, ते या गावावरून. भूकंप मात्र त्याहून जुने: १३२८, १७०३, १७३०, १८५९, १९७९, २०१६. १८५९ च्या भूकंपात शंभरेक माणसं मेली. पुढच्याच वर्षी पोपच्या राज्याने खास या गावासाठी बांधकामाचे नियम काढले. त्यामागे वास्तुविशारद लुइजी पोलेत्ती आणि जेझुइट धर्मगुरू असलेले खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की होते. दोनच मजले, उंची साडेआठ मीटरच्या आत, भिंत किमान ६० सेंटीमीटर जाड आणि पायाशी उतरती. आजही जुन्या गल्ल्यांत भिंतींचे पाय घागऱ्याच्या घेरासारखे बाहेर पसरलेले दिसतात.

१९७९ नंतर सरकारी पैशातून घरं मजबूत करण्याची मोठी फेरी झाली, १९९७ च्या आसपासच्या भागातल्या भूकंपानंतर आणखी एक. ३० ऑक्टोबर २०१६ ला सकाळी ७.४० वाजता गावापासून पाच-सहा किलोमीटरवर ६.५ चा भूकंप झाला. १९८० नंतरचा इटलीतला सगळ्यात मोठा. नोर्चात इमारतीखाली सापडून एकही माणूस मेला नाही. याचं सगळं श्रेय नियमांना देणं मात्र लबाडी होईल: ऑगस्ट आणि २६ ऑक्टोबरच्या धक्क्यांमुळे बरेच लोक आधीच घराबाहेर होते. तरीही गावातली बहुतेक दगडी घरं उभी राहिली. पडली ती मुख्यतः चर्चं. संत बेनेडिक्टच्या बॅसिलिकाची फक्त दर्शनी भिंत उरली. उंच, लांब भिंती आणि त्यांना मधे धरणारी एकही आडवी भिंत नाही, मग दुसरं काय होणार?

म्हणजे दगड दोन्हीकडे होता. फरक होता बांधणीत. किल्लारीची भिंत दोन-तीन फूट जाड दिसायची, पण ती एक भिंत नव्हतीच. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे दगडगोटे आणि मातीची भर. हादरा बसला की भर खाली बसते, पदर बाहेर रेटले जातात, भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर दिलेलं छत. दीड फूट मातीचं वजन चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत झोपलेल्या माणसांवर आठ टन! ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काहींच्या भिंती ढासळल्या तरी छत वरच राहिलं.

आता आपल्याकडे तसल्याच भिंतींवर स्लॅब टाकायची चाल पडली आहे. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला ३२० किलोच्या वर जात नाही, म्हणजे माळवदापेक्षा हलका, हे खरं. पण इटलीने ही चूक करून पाहिली आहे. १९८० च्या दशकात नियमांच्याच आधाराने जुन्या घरांची लाकडी छतं काढून काँक्रीटची छतं आणि पट्टे बसवले. १९९७ च्या भूकंपात उंब्रियातल्याच सेल्लानो आणि आसपासच्या गावांत अशी घरं फुटली. वर एकसंध ताठ थाळी, खाली विस्कळीत भिंत. थाळी हलली तसे भिंतीचे पदर उलगडले. आधी भिंत, मग छत, हा क्रम त्यानंतर इथे पक्का झाला.

भिंत बांधून काढायला फार पैसा लागत नाही. नवीन भिंत असेल तर दर दोन फूट उंचीला एक आरपार दगड, आडवं अंतर चार फुटांहून जास्त नको, आणि जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नये. जाड म्हणजे भक्कम, हा समज अशा पदरांच्या भिंतीत उलटा पडतो. जुन्या भिंतीत एकेक दगड हाताने सैल करून तीन इंची आरपार भोक पाडायचं. दोन्ही तोंडांना ते रुंद ठेवायचं. पहारीचे दणके घालायचे नाहीत, नाहीतर मधली भर खाली येते. त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरायचं आणि किमान दहा दिवस पाणी मारायचं. अशी भोकं साधारण मीटरभर अंतराने. घाई नेमकी इथेच होते: पाणी दोन दिवसांत थांबतं आणि आरपार दगडाऐवजी भिंतीत भुसभुशीत बूच उरतं.

इटलीचं सगळंच घ्यावं असं नाही. ‘जसं होतं तसं, जिथे होतं तिथे’ या हट्टापायी लोक वर्षानुवर्षं ४०, ६०, ८० चौरस मीटरच्या तात्पुरत्या घरांत राहिले. आपल्याकडे ५२ गावं हलवून २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं बऱ्याच लवकर उभी राहिली, मग ती गावासारखी वाटोत न वाटोत.

शिवाय नोर्चाला भूकंप विसरताच येत नाही, पिढी-दोन पिढ्यांत तो परत येतो. किल्लारीसारखा भूकंप त्याच जागी पुन्हा व्हायला हजारो वर्षं लागू शकतात, म्हणून तिथे नोर्चाइतका खर्च मागणं व्यवहाराचं नाही. सळई, काँक्रीट आणि दहा दिवसांचं पाणी मागता येतं. २०२४ मध्ये मार्च आणि जुलैला हिंगोलीत ४.५ चे धक्के बसले. तेवढ्या धक्क्याने पोट आलेली भिंत पडेलच असं नाही, पण ती आणखी थोडी फुगते. गिलावा त्यावर पांघरूण घालतो. म्हणून स्लॅबचं काम काढण्याआधी भिंतीला ओळंबा लावून बघा आणि एका कोपऱ्यातला गिलावा फोडून आत आरपार दगड आहे का तेही पाहा.